ट्रॅक्टरचा नंबर राहू द्या, तो मिळवणं सोपं करा



निबंधाचे विषय देताना आपण 'माझा आवडता प्राणी' आणि 'पावसाळ्यातील एक दिवस' यांच्या पलीकडे फारसे जात नाही. आज थोडा वेगळा विषय घेतला आहे : शेतकऱ्यांसाठी वाहन नोंदणीचे नियम सोपे करावेत का? ऐकायला हा आरटीओचा विषय वाटतो. पण आपल्या कसमादे पट्ट्यात, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या भागात, ज्या मुलाच्या घरी ट्रॅक्टर नाही त्याच्या शेजारी तरी असतोच. उन्हाळी कांदा निघायला लागला की शाळेसमोरच्या रस्त्यावरून दिवसभर ट्रॅक्टर-ट्रॉल्या उमराण्याच्या आणि देवळ्याच्या मार्केटकडे जात असतात. आपली मुलं त्याच रस्त्याने शाळेत येतात. म्हणून हा विषय आपलाही आहे.

माझं मत आधीच सांगते. नियम सोपे झालेच पाहिजेत. मात्र सोपे करणं आणि माफ करणं यात फरक आहे. ट्रॅक्टरला नंबर हवा आणि त्याच्या मागच्या ट्रॉलीलाही ओळख हवी. ती ओळख मिळवायला शेतकऱ्याला चार चकरा आणि एक एजंट लागता कामा नये, एवढंच मागणं आहे. असं का म्हणते ते टप्प्याटप्प्याने पाहू.

नोंदणी म्हणजे नेमकं काय?

मूल जन्मलं की त्याची नोंद होते. त्या दाखल्यावर पुढे शाळेत नाव लागतं, आधार निघतं, शिष्यवृत्ती मिळते. वाहनाचंही तसंच आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्याच्या कलम ३९ नुसार नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. नोंदणी झाली की आरसी मिळते. त्यात मालकाचं नाव, चेसी नंबर, इंजिन नंबर आणि कर्ज असेल तर बँकेचा बोजा, अशी सगळी माहिती असते. आपल्या भागातल्या गाड्यांवर 'एमएच ४१' दिसतं, म्हणजे मालेगावच्या कार्यालयाचा नंबर. नाशिकच्या गाड्यांवर 'एमएच १५' असतं. मुलांना हे ओळखायला फार आवडतं.

शेतीचा ट्रॅक्टर कायद्याच्या भाषेत 'बिगर परिवहन' गटात येतो. त्याची नोंदणी १५ वर्षं चालते आणि नंतर नूतनीकरण करावं लागतं. मालवाहू गाडी 'परिवहन' गटात येते. तिला फिटनेसचा दाखला लागतो, पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. २०१७ च्या अखेरीस ट्रॅक्टरला या बिगर परिवहन यादीतून काढण्याचा प्रस्ताव केंद्राकडून आला, तेव्हा देशभर विरोध झाला. त्या डिसेंबरात हरियाणाचे तेव्हाचे खासदार दुष्यंत चौटाला स्वतः ट्रॅक्टर चालवत संसद भवनाकडे गेले होते. पुढे तो बदल झाला नाही. शेतकऱ्यांची ती मागणी रास्त होती. वर्षातले काही महिनेच रस्त्यावर येणाऱ्या आणि बाकीचे दिवस वावरात नांगरणाऱ्या यंत्राला ट्रकचे नियम लावणं बरोबर नव्हतं.

अडतं कुठे?

नवा ट्रॅक्टर घेताना आता फारसा त्रास होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. शोरूमवालाच कागद करतो. पूर्ण बांधणीची नवी गाडी आरटीओत नेऊन दाखवावी लागत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटीही १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे विकत घेणं सोपं झालं. अडचण सुरू होते ती नंतर, आणि ती प्रामुख्याने चार ठिकाणी येते.

पहिली अडचण ट्रॉलीची. वर्गात एक कोडं घालून पाहा : 'इंजिन नाही, स्टिअरिंग नाही, तरी कायद्याने मोटार वाहन. ओळखा पाहू?' उत्तर आहे ट्रॉली. मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलरचा समावेश आहे. त्यामुळे तिची नोंदणी स्वतंत्र आणि विम्याचा प्रश्नही स्वतंत्र. आता आपल्याकडे ट्रॉली कुठून येते? बहुतेक वेळा तालुक्याच्या गावातल्या किंवा फाट्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानातून. कारागीर हुशार असतो. कांद्यासाठी किती उंच फाळके लागतात, शेतातल्या चिखलात कोणता टायर चालतो, हे त्याला पाठ असतं. पण रस्त्यावर येणाऱ्या वाहनाचा नमुना आधी चाचणी संस्थेकडून मान्य करून घ्यावा लागतो. पुण्यातली एआरएआय आणि सीआयआरटी किंवा मध्य प्रदेशातली बुदनीची शेती यंत्रांची संस्था, अशा या संस्था. वर्षाला मोजक्या ट्रॉल्या बनवणारा फाट्यावरचा कारागीर तिथे कसा पोहोचणार? मान्यता नाही म्हणून नोंदणी नाही. नोंदणी नाही म्हणून नंबर नाही. ट्रॉली मात्र रस्त्यावर असतेच.

या संदर्भात सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. तिथल्या एका कारागिराने भंगारातले भाग जोडून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली होती. २०२१ च्या डिसेंबरात तिचा व्हिडिओ देशभर गेला. आनंद महिंद्रा यांनी कौतुक केलं, पण ही गाडी नियमात बसत नसल्याने आज ना उद्या अडवली जाईल, असंही ते म्हणाले आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. त्या कारागिराला गाडी मिळाली, आनंदच आहे. पण गावोगावच्या इतर कारागिरांसाठी बोलेरो येणार नाही. त्यांच्या हातचं काम तपासून, सुधारून नियमात आणणारी वाट आपल्याकडे नाही, हा त्या गोष्टीतला खरा धडा आहे.

दुसरी अडचण वारसांची. ट्रॅक्टर वडिलांच्या नावावर असतो. वडील गेले की सातबाऱ्यावर वारस लावायची धावपळ होते, ट्रॅक्टरच्या आरसीकडे कुणाचं लक्ष जात नाही. नियम असा आहे की मालकाच्या मृत्यूची माहिती ३० दिवसांत नोंदणी कार्यालयाला द्यायची. तसं केलं तर वारसाला तीन महिने वाहन वापरता येतं आणि त्या मुदतीत नाव बदलण्यासाठी फॉर्म ३१ भरायचा असतो. दहाव्या-तेराव्याच्या गडबडीत हे कोणाला सुचणार? मग वर्षानुवर्षं गाडी मयत माणसाच्या नावावर चालते. विकायची वेळ आली किंवा काही अघटित घडलं की सगळे कागद एकदम आठवतात.

तिसरी अडचण बोज्याची. कर्ज फिटलं की घरात पेढे वाटले जातात. पण बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवायचा राहूनच जातो. सातबाऱ्यावरचा बोजा उतरवायचा असतो हे गावात सगळ्यांना माहीत आहे. आरसीवरही तसाच बोजा असतो, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

चौथी अडचण अंतराची आणि भाषेची. बरीच कामं आता ऑनलाइन आहेत हे खरं. पण ऑनलाइन म्हणजे ज्याला जमतं त्याच्यासाठी सोपं. ओटीपी ज्या मोबाईलवर येतो तो नंबर बंद पडलेला असतो, आधारवर नाव एक आणि आरसीवर दुसरं असतं. आडनावाच्या एका काना-मात्रेवरून अर्ज परत येतो. आपण शिक्षक हे दुःख जाणतो, कारण शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना आपलंही हेच होतं. फॉर्मवरची भाषा तर विचारूच नका. 'हस्तांतरक' आणि 'हस्तांतरिती' यातला विकणारा कोण आणि घेणारा कोण, हे शिकलेल्या माणसालाही दोनदा वाचावं लागतं. उंच सुरक्षा पाटीचंच पाहा ना. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांना ही एचएसआरपी पाटी बसवायची होती. ट्रॅक्टरसाठी दर दुचाकीइतकाच, ४५० रुपये अधिक जीएसटी. पैसे फार नव्हते. पण ऑनलाइन वेळ घ्यायची, ठरलेल्या दिवशी ट्रॅक्टर घेऊन केंद्रावर जायचं, त्यात अर्धा दिवस आणि डिझेल जायचं. राज्यात त्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली, त्यामागे हेही एक कारण आहे असं मला वाटतं.

मग नोंदणीच माफ केली तर?

एवढं वाचल्यावर कोणी म्हणेल, 'मॅडम, मग शेतकऱ्याला यातून सूटच द्या ना. बैलगाडीला कुठे नंबर असतो?' पारावर हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे. भावना समजते, पण हे मला पटत नाही. कारण सांगते.

नंबर पोलिसांसाठी असतो असं आपण समजतो. खरं तर तो सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो अपघातात सापडलेल्या माणसाला. समजा, अंधारात विना नंबरची ट्रॉली सायकलवाल्याला धडकून निघून गेली. वाहन सापडलं नाही तर त्या घराला 'हिट अँड रन' योजनेतून ठरलेली रक्कम मिळते. १ एप्रिल २०२२ पासून ती मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये आहे. वाहन ओळखलं गेलं आणि त्याचा विमा असला तर गोष्ट वेगळी होते. मोटार अपघात न्यायाधिकरणात गेलेल्या माणसाचं वय, कमाई, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं, हे सगळं पाहून भरपाई ठरते. कर्त्या माणसाच्या मागे दोन-तीन लेकरं असतील तर या दोन रकमांमधला फरक म्हणजे त्या लेकरांचं शिक्षण असतं.

आणि तो सायकलवाला बहुधा शेतकरीच असतो, नाहीतर शेतकऱ्याचं पोर. ट्रॅक्टरच्या रस्त्यावर दुसरं कोण असणार?

ट्रॅक्टरमालकाचंही तसंच. कागद पूर्ण नसले की विमा कंपनी भरपाईची जबाबदारी नाकारायला बघते. मग भरपाई मालकाच्या खिशातून, म्हणजे जमिनीतून जाते. न्यायालयांनी काही बाबतीत शेतकऱ्याच्या बाजूने विचार केला आहे. उदाहरणार्थ, ट्रॅक्टर चालवण्याचं वैध लायसन असलेला माणूस केवळ मागे ट्रॉली जोडली म्हणून अपात्र ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सांगितलं. पण तिथपर्यंत जायला वर्षं लागतात. शिवाय ट्रॉलीत बसलेल्या माणसांचा प्रश्न राहतोच. ट्रॅक्टरचा विमा ट्रॉलीतल्या वऱ्हाडाला किंवा कांदे काढणीच्या मजुरांना गृहीत धरून काढलेला नसतो. 'आपलीच ट्रॉली, काय होतंय' म्हणून आपण लेकरांना त्यात बसवतो.

देवळा तालुक्याला रस्त्यावरच्या दुःखाबद्दल वेगळं सांगायला नको. २८ जानेवारी २०२० ला मेशी फाट्याजवळ एसटी बस आणि रिक्षा धडकून दोन्ही गाड्या रस्त्याकडेच्या विहिरीत गेल्या. पंचवीसच्या आसपास माणसं गेली. त्या अपघातात ट्रॅक्टरचा काही संबंध नव्हता. पण त्या दिवशी ज्या घरांत दिवा विझला, त्यांना पुढे प्रत्येक कागद किती महत्त्वाचा वाटला असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

आणखी एक गोष्ट. गिरणेच्या काठच्या गावांना वाळूचे ट्रॅक्टर माहीत आहेत. रात्री चोरटी वाळू वाहणाऱ्याला विना नंबरची ट्रॉली सोयीचीच असते. नोंदणी माफ केली तर सर्वात आधी फायदा त्याचा होईल. प्रामाणिक शेतकऱ्याच्या नावाने सूट मागायची आणि ती दुसऱ्यानेच खायची, असं होऊ नये.

बाहेरचे देश काय करतात?

जिथे शेती पूर्ण यंत्रावर चालते त्या देशांनी यावर मधला मार्ग काढला आहे. ब्रिटनमध्ये रस्त्यावर येणाऱ्या शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी लागते, पण त्याचा रस्ता कर शून्य आहे. ट्रॉलीला तिथे वेगळा नंबर नसतो. तिच्या मागे ट्रॅक्टरचाच नंबर लावतात. एका शेतकऱ्याकडे दोन-तीन ट्रॅक्टर असले तर त्यातल्या कोणत्याही एकाचा नंबर शेतीच्या ट्रॉलीवर चालतो.

जर्मनीतही असंच काहीसं आहे. ताशी २५ किलोमीटरपर्यंतच्या वेगाने ओढल्या जाणाऱ्या शेतीच्या ट्रॉलीला स्वतंत्र नोंदणी लागत नाही. तिच्यावर '२५' असा वेगाचा फलक आणि मालकाच्या ट्रॅक्टरचा नंबर पुन्हा लिहिलेला असतो. करमाफी असलेल्या शेती वाहनांची नंबरपाटी हिरव्या अक्षरांची असते, म्हणजे लांबूनच कळतं की हे शेतीचं वाहन आहे.

दोन्हीकडे तत्त्व एकच आहे. ओळख सोडायची नाही, पण एका घराची एकच ओळख पुरेशी मानायची. आपल्याकडे हे का होऊ नये?

माझ्या पाच सूचना

१. एक शेतकरी, एक नंबर. ज्या घरच्या ट्रॅक्टरची नोंदणी झाली आहे, त्या घरच्या ट्रॉलीला त्याच नंबराखाली नोंदवावं. आरसीतच ट्रॉलीसाठी एक रकाना असावा. ट्रॉली एकदा तपासावी. जोडणीचा हूक, ब्रेक, लांबी-रुंदी, मागचे लाल रिफ्लेक्टर एवढं बघावं आणि नंबर रंगवायला सांगावा.

२. गावच्या कारागिरासाठी मान्य नकाशे. प्रत्येक वेल्डिंगवाल्याने पुण्याला जाण्याऐवजी शासनानेच दोन-चार आकारांच्या ट्रॉलीचे नकाशे चाचणी संस्थेकडून मान्य करून घ्यावेत आणि मोफत द्यावेत. जो कारागीर त्या मापात ट्रॉली बनवेल, त्याच्या ट्रॉलीला नोंदणी मिळावी. तपासणीत तालुक्याच्या आयटीआयची मदत घेता येईल. यातून कारागिराचा धंदाही वाढेल आणि ट्रॉलीही सुरक्षित होईल.

३. 'जिवंत सातबारा'सारखी 'जिवंत आरसी'. २०२५ मध्ये महसूल खात्याने 'जिवंत सातबारा' मोहीम घेतली. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्यासाठी यंत्रणा स्वतः गावात आली. तसंच वाहनांचं करावं. सातबाऱ्यावर वारस नोंद झाली की तोच निर्णय ट्रॅक्टरच्या आरसीसाठी आधार धरावा. एकाच मृत्यूचे कागद दोन खात्यांत दोनदा सिद्ध करायला लावू नयेत.

४. मार्केट यार्डात ठरलेला दिवस. आरटीओचे अधिकारी तालुक्याच्या गावी कॅम्प घेतात, ही पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे. तोच कॅम्प कांद्याच्या हंगामात बाजार समितीच्या आवारात घ्यावा. ट्रॅक्टर तिथे येणारच असतो. लिलावाचा नंबर लागेपर्यंत शेतकरी तासनतास थांबलेला असतो. त्या वेळात नंबरपाटी, ट्रॉलीची तपासणी, बोजा उतरवणं, सगळं होऊ शकतं.

५. एक पानी, सोप्या मराठीतला अर्ज. कृषी खात्याने महाडीबीटीवर 'अर्ज एक, योजना अनेक' अशी सोय केली. परिवहन खात्यानेही शेतकऱ्यासाठी एकच अर्ज करावा. 'विकणाऱ्याचे नाव', 'घेणाऱ्याचे नाव', 'कर्ज फिटले का?' असे साधे प्रश्न. चौथीच्या मुलाने मोठ्याने वाचला तर आजोबांना समजला पाहिजे, ही माझी कसोटी.

यावर येणारे आक्षेप

पहिला आक्षेप : 'सोपं केलं की गैरवापर होईल. शेतीच्या नावावर विटा, खडी वाहतील.' शक्यता आहेच. पण आज नियम कडक असूनही ते चालूच आहे ना? नियम इतका अवघड की चांगला माणूसही पाळू शकत नाही, असं झालं की चांगला आणि वाईट दोघंही एकाच रांगेत, विना नंबरचे उभे राहतात. सोप्या नियमानंतर विना नंबरची ट्रॉली ठेवायला कुणाकडे सबब उरणार नाही. मग कारवाईही योग्य माणसावर होईल.

दुसरा आक्षेप : 'घरगुती ट्रॉलीला मान्यता म्हणजे असुरक्षित वाहनाला मान्यता.' हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. म्हणूनच तपासणी सोडू नका म्हणते. फक्त ती गावाजवळ आणा. आज या ट्रॉल्या कुणीही न तपासता धावत आहेत. एकदा का होईना तपासली गेलेली ट्रॉली त्यापेक्षा नक्कीच बरी.

तिसरा आक्षेप आपल्याच लोकांचा : 'आपलं वावर, आपला रस्ता, कशाला नंबर?' वावरात नको, मान्य. पण बांध ओलांडून डांबरी रस्त्यावर आलो की तो रस्ता शाळेत जाणाऱ्या पोरांचाही असतो.

आपण शिक्षक-पालक काय करू शकतो?

शासन बदल करील तेव्हा करील. तोपर्यंत आपल्या हातात बरंच आहे.

पालकांनो, आज घरी गेल्यावर एवढं पाहा. ट्रॅक्टरची आरसी कोणाच्या नावावर आहे? १५ वर्षं कधी पूर्ण होतात? विम्याची तारीख काय? फिटलेल्या कर्जाचा बोजा अजून दिसतो का? आणि एक महत्त्वाचं : २०२१ पासून आरसीवर वारसदार म्हणून नॉमिनीचं नाव लावता येतं. बँकेच्या पासबुकाला आपण नॉमिनी लावतो, तसंच हे. घरातला कर्ता माणूस धडधाकट असतानाच हे काम करून ठेवा. ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टरची लाल पट्टी लावा, तिचा खर्च किरकोळ आहे. आणि कृपा करून पोरांना मडगार्डवर बसवू नका.

शिक्षकांनो, आपल्याला यातून तीन-चार पाठ सहज घेता येतात. परिसर अभ्यासात वाहनांचे नंबर ओळखणं घ्या. गणितात ४५० रुपयांवर १८ टक्के जीएसटी काढायला द्या. उत्तर ५३१ आलं पाहिजे. भाषेच्या तासाला औपचारिक पत्र शिकवतो तेव्हा 'मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज' याऐवजी कधीतरी 'आमच्या बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टर नोंदणीचा कॅम्प घ्यावा, अशी विनंती करणारा अर्ज' लिहायला सांगा. आरटीओचा एखादा खरा फॉर्म वर्गात आणा आणि त्यातले अवघड शब्द मुलांकडून सोपे करून घ्या. अहिराणी बोलणाऱ्या आजीला समजेल असा शब्द कोणता, हे मुलंच फार छान सांगतात. अर्ज वाचता येणं आणि मागणी नीट शब्दांत मांडता येणं, हेही भाषेचंच शिक्षण आहे.

मुलांनी लिहिलेल्या अर्जांपैकी चांगला असेल तो ग्रामपंचायतीच्या ठरावासोबत बाजार समितीला आणि परिवहन कार्यालयाला खरोखर पाठवा. उत्तर येईल न येईल, पण आपल्या गावचा प्रश्न कागदावर मांडला की तो कुणाला तरी वाचावा लागतो, हे मुलांना कळेल.

नियम माणसासाठी असतात असं आपण मुलांना शिकवतो. तर मग शेतकऱ्याला पाळता येतील असे नियम मागणं, आणि तसे नियम आल्यावर ते पाळणं, ही दोन्ही कामं आपलीच आहेत. तुमच्या गावात ट्रॉलीच्या नोंदणीचा काय अनुभव आहे? कुणी बोजा उतरवला असेल, नॉमिनी लावला असेल तर कागद कोणते लागले, किती दिवस गेले, तेही जरूर कळवा. दुसऱ्या पालकाची एक चकर वाचेल.